उजनीच्या धक्क्यावरनं बारामतीच्या लॉजपातूर

बारामती आमच्या माहेरापासनं लांब न्हाय. मधी उजनीचं पाणी हाय एवढंच. पर ज्यांनी त्ये पाणी लाँचीतनं वलांडलं न्हाय, आन वलांडून फुडं सामान घिऊन एकटीनं जायची येळ ज्यांच्यावर आली न्हाय, त्यांच्यासाठी हे लिवते. मी जाऊन आले. जीव मुठीत धरून गेले, पर गेले.

मी बाळंतपणाला माहेरी आलेली, पाण्याच्या पल्याड, करमाळ्याच्या अंगाला. सासर कोऱ्हाळे बुद्रुक, म्हंजी बारामतीच्या बी फुडं. चिऊ आठ म्हैन्याची झाली, आता सासरी जायचंच हुतं, पर घाई झाली ती ह्यांच्या चिठ्ठीनं.

आमचे हे जहाजावर असत्यात. मालाच्या न्हाय, माणसांच्या. गोरी माणसं त्यात बसून ह्या बंदरावरनं त्या बंदरावर निस्ती हिंडत्यात, काम ना धाम, आन हे खाली भटारखान्यात त्यांची भांडी घासत्यात. मला पाचवा लागला तवा गेले. चिऊ त्यांनी बघितली न्हाय. एक फोटू धाडला हुता, पर त्यात ती रडती, आन निम्मं तोंड माझ्या पदराखाली गेलंय.

तर चिठ्ठीत लिवलेलं, दशरथराव म्हणून माझ्यासंगं कामाला हायेत, सुट्टीवर आल्यात, मेव्हणीच्या लग्नाला बारामतीत येणार हायेत, अमक्या लॉजवर उतरणार हायेत. रविवारी चारच्या एस.टी.नं मुंबईला आन तितनं इमानानं जहाजावर. काय धाडायचं असंल तर त्यांच्यापाशी दी.

मला धाडायची हुती गोधडी.

आई आन मी मिळून शिवलेली. माझी दोन जुनी पातळं, मधी चिऊची फाटकी दुपटी. शिवून झाल्यावर म्हैनाभर चिऊला तिच्यावरच झोपवली, मुद्दाम, आन धुतली न्हाय. बाळाचा वास चिठ्ठीत कसा लिवायचा? आन आमच्यात गोधडी उपाशी ठेवत न्हाईत. शेवटचा टाका घालायच्या आधी एका कोपऱ्यात भाकरीचा तुकडा ठिवायचा आन वरनं शिवून टाकायचं, म्हंजी पांघरणारा कुठं बी असला तरी उपाशी झोपत न्हाय, असं आई म्हणती. चिऊच्या उष्टावणाला तिच्या व्हटाला लावलेली भाकरी हुती, त्यातलाच तुकडा वाळवून ठिवला हुता. तोच घातला.

दादा बारामतीपातूर येणार हुता, पर त्या रविवारी लाईट सकाळचीच आली आन उसाला पाणी द्यायची आमची पाळी. त्यानं मला धक्क्यावर सोडलं, सामान लाँचीत चढवलं, पत्र्याची पेटी, गोधडीचं गाठोडं, दशम्या-चटणीची पिशवी, आन म्हणाला, "भ्यायचं न्हाय." एवढं म्हणून त्योच भ्यालेल्या तोंडानं काठावर हुबा राह्यला.

पाण्यावर

लाँच म्हंजी लई मोठं काय डोळ्याफुडं आणू नका. लोखंडी होडी, मागं इंजिन धडधडतंय, मधी दोन मोटारसायकली, दुधाच्या किटल्या, चार शेरडं आन आमी माणसं. लाँचीवाले तात्या म्हाताऱ्या अंगाचे, डोक्याला टावेल गुंडाळलेला. त्यांनी मला पेटीवर बसवलं. मी डोळं मिटून घेतलं तर चिऊनं नेमकं उघडलं, आन इंजिनाच्या आवाजाला हसायला लागली. मग मी बी उघडलं.

पाणी एवढं हुतं की मधोमध गेल्यावर आमचा काठ कुठला आन इंदापूरचा कुठला कळंना. लांब उथळ पाण्यात तांबड्या पायांची उंच पाखरं हुबी, एका ओळीत, वऱ्हाड जेवाय बसावं तशी. मला वाटलं, आमचे हे रोज असंच बघत असतील. काठ दिसत न्हाय असं पाणी.

मी इचारलं, "तात्या, समिंदर ह्याच्यापरीस लई मोठा असतो का वो?"

"मला इचारतीस व्हय? मी इंदापूरच्या फुडं गेलो न्हाय." त्यांनी इंजिनात त्याल घातलं. "पर पाणी ते पाणी, पोरी. खाली पाय टेकंनात की झालं. मग किती का मोठं असंना."

समदी हसली. मला काय हसू आलं न्हाय. मी पिशवीतली चिठ्ठी चाचपली. ही दुसरी, जुनी. घड्या फाटल्यात पर मला पाठ हाय. त्यात ह्यांनी लिवलंय की जहाज बंदराला लागलं की माणसं आपापल्या बॅगा घिऊन उतरत्यात, बॅगांना चाकं असत्यात. बंदराच्या दारातच मोटारी हुब्या असत्यात, त्या लुटत्यात. येडी माणसं त्यात बसत्यात. शानी माणसं बॅग वढत मुकाट फुडं चालत जात्यात, गेटाच्या बाहीर, पुलापातूर, आन तितनं निम्म्या भाड्यात लॉजवर जात्यात. "तू कवा कुठं गेलीस सामान घिऊन तर असंच कर. धक्क्यातली गाडी करू नको."

दुसऱ्याच्या नवऱ्यानं सांगितलं असतं तर मी इचार केला असता. पर एवढ्या लांबनं आपल्या माणसानं आपल्याला काय तरी शिकवलंय, म्हणून त्ये मी जपून ठिवलं हुतं. आज वापरायचं हुतं.

इंदापूरचा काठ

लाँच लागली. काठावर एकच जीप, तिचा डायव्हर वरडतोय, "इंदापूर, इंदापूर!" माझी पेटी बघून म्हणाला, "पेटीचं येगळं पडंल."

मी मनात म्हणलं, आला, लुटणारा आला.

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं न्हाय. पेटी डोक्यावर, चिऊ कडंवर, पिशवी कोपरात, आन वीस पावलं चालले. पेटी खाली ठिवली, परत येऊन गाठोडं न्हेलं. परत पेटी. मागनं तात्यांनी आरोळी दिली, "आगं पोरी, कुठं निघालीस? जीप हितं हाय!"

"फुडं धरते, तात्या!"

"फुडं काय हाय? बाभळीच की नुसत्या!"

मी ऐकलंच न्हाय. मला वाटलं, यांना काय ठावं, हे इंदापूरच्या फुडं गेल्यालं न्हाईत.

बाभळीपातूर पोचले तवा घामानं निथळत हुते. जीप आली. मी हात केला. आत माणसं खचाखच, मागं लोंबकळत्यात, टपावर शेरडं. डायव्हरनं बी मला हात केला, "या की फुडं" म्हणल्यावानी, आन धुरळा उडवत गेला. दुसरी जीप आता दुसऱ्या लाँचीच्या टायमाला. म्हंजी दुपारी.

मी पेटीवर बसले आन रडले. चिऊ बी रडली, ती भुकंनं. तिला पाजता पाजता मी ह्यांच्यासंगं मनातल्या मनात भांडले. म्हणलं, तुमच्या धक्क्याफुडं शहर असतं, पूल असतो, आमच्या धक्क्याफुडं बाभळी. एवढं बी कसं ध्यानात ऱ्हायलं न्हाय तुमच्या? वर्षभरात आपलं गाव इसरला का? चारची गाडी गेली तर गोधडी कुणापाशी दिऊ? आन भांडता भांडता मला वाटायला लागलं की बाभळीच्या सावलीला हे बसल्यात, गालातल्या गालात हसत्यात. तेवढं वाटलं आन मग लईच रडू आलं.

शेवंताबाईचा टेम्पो

उन्हं वर आली तवा धक्क्याकडनं टेम्पो आला. मागं बर्फाच्या पेट्या, त्यात मासळी. डायव्हरशेजारी एक दांडगी बाई, कपाळाला रुपायाएवढं कुंकू. तिनंच टेम्पो थांबवला.

"काय गं ए, दुकान मांडलंस व्हय हितं?"

मी समदं सांगितलं. जहाज, चिठ्ठी, जीप, लॉज, चारची गाडी. एका दमात सांगितलं. डायव्हर स्टेअरिंगवर डोकं ठिवून हसायला लागला. ती हसली न्हाय. म्हणली, "नवऱ्याचं ऐकलंस म्हणून हितं बसलीस. मी माझ्याचं ऐकलं असतं तर अजून जाळंच इनत बसले असते. चढ. माळकरी न्हाईस न्हवं? वास चालंल?"

"चालंल. किती पडंल, मावशी?"

"त्या मधल्या पेटीचं झाकण उडतंय. त्याच्यावर बसायचं आन इंदापूर येईस्तवर उठायचं न्हाय. झालं भाडं."

मी बसले. रस्ता असा की बसलेलं माणूस उभं राहावं आन उभं राहिलेलं बसावं. चिऊला पोटाशी धरलेली, पाय पेटीला टेकवलेलं. मधीच शेवंताबाईनं खिडकीतनं मागं हात काढला, "पिशवीत काय वास येतोय खमंग?" मी दशमी दिली, वर शेंगदाण्याची चटणी. खाऊन म्हणली, "हे त्याला धाडायला केलंस? चांगलं झालंय. आता तुझा नवरा बी पाण्यातला, माझी मासळी बी पाण्यातली, म्हंजी आपण एका भाऊबंदकीतल्या."

इंदापूरच्या स्टँडवर उतरताना बघितलं तर पेट्यांचं बर्फाचं पाणी गाठोड्याच्या बुडाखाली साचलेलं. गोधडीची एक कड वली झाली हुती. मी नाक लावलं. चिऊचा वास कुठला. मरळ मासा, आन त्यो बी कालचा.

शेवंताबाई म्हणली, "उन्हात टाक, जाईल." पर जाताना तिचं बी तोंड उतरलेलं. टेम्पो फुडं गेला आन परत थांबला, आन ती वरडली, "आगं, त्याला म्हणावं, बाईनं आणलीय, वास काय बघतूस!"

एस.टी.

बारामतीची गाडी लागली. मी आत शिरले तर दोन बाकांवरच्या बायकांनी पदर नाकाला लावलं. कंडक्टर आला.

"ओ बाई, मासळी का?"

"न्हाय, गोधडी हाय."

"गोधडीला खवलं कवा फुटली? टपावर टाका ती."

टपावर गेली. दर थांब्याला खिडकीतनं मान काढायची आन वर बघायचं, हाय का. निमगाव केतकीला पानाच्या करंड्या चढवायला हमाल टपावर गेला तवा मी एवढ्यानं वरडले की कंडक्टर म्हणाला, "बाई, त्या गोधडीत सोनं हाय का?"

मी म्हणलं, "भाकरी हाय."

त्यानं घंटीची दोरी वढली. मला येडी समजला असंल.

जंक्शन गावाच्या फुडं उसाच्या बैलगाड्या, एकामागं एक, कारखान्याकडं चाललेल्या. गाडी त्यांच्या मागं रांगायला लागली. मी शेजारणीला सारखं इचारायची, किती वाजलं. ती शेवटाला म्हणली, "घड्याळ तुझ्याच हातात बांधू का?" पर तिनंच चिऊला मांडीवर घेतलं, गाडीवरनं पडलेलं उसाचं कांडं कुणीतरी आणून दिलं हुतं त्ये सोलून मला दिलं. सासरच्या रानातला ऊस असाच गोड. पर माझं ध्यान घड्याळाकडं.

बारामती

स्टँडवरच्या घड्याळात साडेतीन. कंडक्टरनं सोता वर चढून गोधडी काढून दिली. वारं आन ऊन खाऊन कड वाळली हुती. वास कमी झालेला, गेला नव्हता.

गेटापाशी रिक्षा. आता मी शानी झाले हुते. म्हणलं, आता न्हाय ह्यांचं ऐकायचं, दारातल्याच गाडीत बसायचं. लॉजचं नाव सांगितलं. रिक्षावाला माझ्याकडं बघत ऱ्हायला, मग मुकाट सामान ठिवलं, रिक्षा चालू केली, स्टँडाच्या भिंतीला वळसा घातला आन थांबवली.

"हे काय?"

"लॉज."

स्टँडाच्या मागंच हुतं! शंभर पावलं नव्हती. मी म्हणलं, "दादा, सांगायचं तरी."

"तुमी बसला तवा एवढ्या जोरात बसला, मला वाटलं पाय दुखत असतील."

तर ह्यांचं खरं झालं त्ये ह्या येळेला, आन ह्या येळेलाच मी ऐकलं न्हाय.

लॉज म्हंजी खाली हाटेल आन वर खोल्या. जिन्यात लग्नाच्या हळदीनं माखलेली पोरं पळत्यात, दाराला वाळलेल्या झेंडूच्या माळा. गल्ल्यावरच्या मॅनेजरनं हाक मारली, "दशरथराव, तुमच्याकडं कोण ताई आल्यात." जिन्यावरनं एक काळेसावळे गडी उतरले, नवी पँट, हातात चाकाची बॅग. चाकं बघितली आन मला गलबलून आलं. त्या चिठ्ठीतली बॅग हीच.

"वैनी न्हवं?" ते म्हणाले. "आन ही चिऊ. फोटूत रडतीया तीच. भटारखान्यात टांगलाय त्यो फोटू, समद्यांना पाठ हाय."

मी गाठोडं फुडं केलं. त्यांनी हातानं तोलून बघितलं. मग बॅगकडं बघितलं.

"वैनी, इमानात वजन करून घेत्यात. माझी बॅग काठोकाठ झालीया. आणखी चार घरचं सामान हाय, त्यातलं निम्मं मी हितंच मागं ठिवलंय." त्यांनी तळहात दाखवला. "एवढं काय असंल तर द्या. एवढंच बसंल."

मी म्हणलं, दशम्या तरी. त्यांनी एक दशमी घेतली, हुबं राहून चटणीसंगं खाल्ली, डोळं पुसलं, चटणी तिखट हुती. म्हणाले, "ही मी पोटातनं न्हेतो. पोटाचं वजन करत न्हाईत."

हाटेलातली दोघंतिघं हसली. मला बी हसू आलं आन मग एकदम सगळा दिवस अंगावर आला. मी पायरीवर बसले आन बोलत सुटले. बाभळी, जीप, मासळी, टप, रिक्षा. म्हणलं, तुमच्या मैतरानं शिकवलं म्हणून झालं हे समदं. धक्क्यातली गाडी करू नको, पुलापातूर चालत जा म्हणं.

दशरथराव हसायला लागले आन मधीच थांबले.

"वैनी, त्यो कवा उतरलाच न्हाय."

"म्हंजी?"

"जहाज लागलं की वरची माणसं उतरत्यात. आमाला त्याच दिवशी भांडी दुप्पट, नवी माणसं यायच्या आधी समदं लख्ख पायजे. आमच्या भटारखान्याला एक गोल खिडकी हाय, ताटाएवढी. हातात वलं फडकं घिऊन त्यो तितं हुबा ऱ्हातो. कोण मोटारीत बसलं, कोण बॅग वढत पुलाकडं गेलं, आमाला सांगत ऱ्हातो. पुलाच्या फुडचं त्या खिडकीतनं दिसत न्हाय."

"आन निम्म्यात गाडी मिळती म्हणून लिवलंय त्ये?"

"त्ये आचाऱ्यानं सांगितलं असंल. आचारी बी उतरल्याला न्हाय."

चिऊ माझ्या पदराशी खेळत हुती. मला ते ताट दिसत हुतं. त्यात पूल, त्यावरनं बॅगा चालल्यात, आन हे त्यांच्यामागं नजर लावून, पुलाच्या टोकापातूर. आन तेवढंच त्यांच्यापाशी हुतं, बाहीरचं म्हणून, त्ये त्यांनी मला धाडलं. जपून वापर म्हणून.

मॅनेजर म्हणाला, "दशरथराव, गाडी लागली असंल."

मी म्हणलं, "पातं हाय का दाढीचं?"

दशरथरावांनी बॅगंच्या खिशातनं काढून दिलं. मी गाठोडं सोडलं, भाकरीचा कोपरा चाचपून काढला. कडक लागतो बोटाला. बाजूनं तळहाताएवढा कापला, दोन्ही पातळं, मधलं दुपटं, सगळ्या थरांसकट. नाक लावलं. त्या कोपऱ्याला बर्फाचं पाणी लागलं नव्हतं. तिथं चिऊच हुती.

"ह्यात काय हाय?" त्यांनी इचारलं.

"लेकीच्या उष्टावणाची भाकरी. खाऊ नका म्हणावं, उशाला ठिवा."

त्यांनी त्यो कोपरा बॅगंत न्हाय, सदऱ्याच्या खिशात घातला. बॅग घिऊन रस्त्यापातूर गेले तवा मी मागनं हाक मारली.

"त्यांना सांगा, पुलाच्या फुडं मी जाऊन बघून आले. फुडं बाभळी असत्यात. तितं बसलं की टेम्पो येतो."

दशरथरावांनी मान हलवली. बॅगंची चाकं फरशीवर खडखडत गेली, स्टँडाच्या भिंतीच्या मागं.

कोऱ्हाळे

सासरी पोचले तवा आत्याबाई, म्हंजी सासूबाई, दिवा लावत हुत्या. नातीवरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पेटी उतरून घेतली आन गोधडी उलगडून बघितली. मासळीचं बोलल्या न्हाईत. कोपरा बघून म्हणाल्या, "ठिगळ लावून घे उद्या. नवा तुकडा घाल. उपाशी गोधडी पोरीच्या अंगावर नको."

ज्यांना त्या बाजूनं जायचं असंल त्यांना सांगते. इंदापूरच्या काठावर उतरलात तर समोर जीप असंल तीच धरा, पेटीचं येगळं देऊन धरा. बारामतीत लॉज स्टँडाच्या मागंच हाय, रिक्षा करू नका. गोधडी टपावर टाकली तर वास निम्मा जातो.

ठिगळ मी अजून लावलं न्हाय. आत्याबाई रोज इचारत्यात. मी म्हणते, ते येत्याल तवा त्यो कोपरा संगं आणत्याल, त्योच शिवीन. तवर ऱ्हाऊ द्या तशीच. तिला बी वाट बघू द्या.